किडनी बिघडली तर हिमोग्लोबिन का घसरते? शरीरातल्या संस्थांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात पचनाचा धडा वेगळा, श्वसनाचा वेगळा, उत्सर्जनाचा वेगळा. शिकवायला ते सोयीचे पडते, पण त्यातून प्रत्येक अवयव आपापले एक काम करून मोकळा होतो असा समज पक्का होतो. पुढे घरातल्या कुणाचा तरी रिपोर्ट हातात पडला की गोंधळ सुरू होतो. आजार किडनीचा आणि इंजेक्शन रक्त वाढवायचे, असे कसे? मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

शरीरात एकूण संस्था किती?

बहुतेक पुस्तके ११ धरतात: त्वचा, अस्थी, स्नायू, चेता, अंतःस्रावी ग्रंथी, रक्ताभिसरण, लसिका व प्रतिकार, श्वसन, पचन, मूत्र आणि प्रजनन. कुठे अस्थी आणि स्नायू एकत्र मोजतात, कुठे प्रतिकारसंस्था वेगळी काढतात, म्हणून १० किंवा १२ हा आकडाही वाचायला मिळतो. परीक्षेत आपल्या पुस्तकातला आकडा लिहावा. ही विभागणी माणसाने अभ्यासासाठी केलेली आहे, त्यामुळे आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पेशी, ऊती, अवयव, संस्था ही उतरंड एखाद्या उदाहरणाने सांगाल का?

जठर घ्या. त्याच्या आतल्या बाजूला अभिस्तर ऊतीचे अस्तर असते. त्यातल्या काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, काही पेप्सिन या पाचक विकराचे कच्चे रूप सोडतात, तर काही चिकट श्लेष्मा सोडून त्याच आम्लापासून भिंतीचे रक्षण करतात. हे आम्ल इतके तीव्र असते की अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि खालून नव्या येतात. अस्तराखाली संयोजी ऊतीचा थर असतो आणि त्यातून रक्तवाहिन्या जातात. त्याच्या बाहेर स्नायूंचे तीन थर असतात: एक तिरपा, एक गोल फिरणारा, एक उभा. आतड्यात असे दोनच थर असतात. जठराला अन्न घुसळायचे असते, म्हणून त्याला तिसरा मिळाला आहे. या थरांच्या मधून चेतापेशींचे जाळे पसरलेले असते.

अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता या चारही प्रकारच्या ऊती एका जठरात आल्या. जठर, अन्ननलिका, आतडी, यकृत, स्वादुपिंड मिळून पचनसंस्था झाली. शरीरातला बहुतेक कोणताही अवयव उघडून पाहिला तरी त्यात हेच चार प्रकार सापडतात, फक्त त्यांचे प्रमाण आणि मांडणी बदलते.

एक अवयव एकाच संस्थेत असतो का?

नाही, आणि पुस्तकातल्या तक्त्यांत नेमके हेच नीट दिसत नाही. स्वादुपिंड पाहा. त्याचा बहुतेक सगळा भाग रोज सुमारे १ ते १.५ लिटर पाचकरस तयार करून लहान आतड्यात सोडतो. हे काम पचनाचे. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पेशींचे वेगळेच पुंजके दिसले. ते कशासाठी आहेत हे त्याला सांगता आले नाही. २० वर्षांनी, १८८९ मध्ये, मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. पुढे १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले. लँगरहान्सने पाहिलेले पुंजके इन्सुलिन बनवत होते. स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम १ ते २ टक्के आहे, पण तेवढ्यावर सगळ्या शरीराची साखर सांभाळली जाते.

म्हणून स्वादुपिंड पचनसंस्थेतही येते आणि अंतःस्रावी संस्थेतही. यकृत, किडनी, हाडे, बीजांडकोश, अगदी आतडेसुद्धा असेच दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी मोजावे लागतात.

वडिलांची किडनी कमजोर आहे. डॉक्टर हिमोग्लोबिन कमी झाले म्हणतात आणि हाडांसाठी गोळ्याही देतात. किडनीचा रक्ताशी आणि हाडांशी काय संबंध?

किडनी म्हणजे लघवी तयार करणारा अवयव, एवढेच आपण शिकलेलो असतो, म्हणून हा प्रश्न पडतो. लघवी हे तिचे एक काम झाले.

दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात, पण हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी १ लिटरहून जास्त रक्त त्यांच्याकडे जाते. इतके रक्त सतत जवळून वाहत असल्याने रक्ताची परीक्षा घ्यायला किडनीसारखी जागा नाही. रक्तातून पुरेसा ऑक्सिजन येत नाही असे जाणवले की किडनीतल्या काही पेशी एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, सोडतात. ते रक्तावाटे हाडांच्या आतल्या मज्जेत पोहोचते आणि तिथे तांबड्या पेशींची निर्मिती वाढते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे हा पुरवठा अखंड चालू राहावा लागतो. किडनी खचली की हे संप्रेरक कमी पडते आणि चांगले खाऊन, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. अशा रुग्णांना हेच संप्रेरक कृत्रिमरीत्या बनवून टोचतात. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याआधी डायलिसिसवरच्या अनेक रुग्णांना वारंवार रक्त चढवावे लागे.

आता हाडे. उन्हात त्वचेमध्ये ड जीवनसत्त्व तयार होते, पण त्या रूपात ते फारसे कामाचे नसते. यकृतात त्यात एक बदल होतो आणि किडनीत दुसरा, तेव्हा कुठे ते कामाला येते. मग ते आतड्याला जेवणातले कॅल्शियम शोषून घ्यायला लावते आणि ते कॅल्शियम हाडांना मिळते. त्वचा, यकृत, किडनी, आतडे, हाड अशी ही साखळी पाच अवयवांतून जाते. किडनीची कडी तुटली तर भरपूर दूध पिऊन आणि उन्हात बसूनही हाडे ठिसूळ होऊ शकतात. वडिलांना दिलेल्या गोळ्यांमध्ये बहुधा किडनीने करायचा तो शेवटचा बदल आधीच केलेले जीवनसत्त्व असेल. त्यांच्या बाबतीत नेमके काय आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नका. किडनीच्या आजारात जास्तीचे कॅल्शियम त्रासाचे ठरते.

किडनीतूनच रेनिन हे द्रव्यही निघते आणि ते रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीला सुरुवात करून देते. किडनीच्या रुग्णाचे बीपी हाताबाहेर जाण्याचे हे एक कारण आहे. उलट बाजूने, बरीच वर्षे वाढलेले बीपी किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते. दोन्ही बाजूंनी नुकसान होत राहते.

किडनी दिवसाला १८० लिटर गाळते हे खरे आहे का? एवढे तर शरीरात पाणीही नसते!

खरे आहे. रक्तातला द्रव भाग साधारण ३ लिटर. तोच दिवसातून ६० वेळा गाळला जातो, म्हणून १८० लिटर. त्यातले ९९ टक्के पाणी, साखर आणि क्षार पुढच्या नलिकांमध्ये परत रक्तात ओढून घेतले जातात. उरतो तो १ ते २ लिटर मूत्र. हे काम प्रत्येक किडनीतले साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे नलिका जोडलेल्या सूक्ष्म गाळण्या, करतात, आणि गेलेला नेफ्रॉन नव्याने तयार होत नाही.

लिव्हर पचनसंस्थेत का मोजतात? ते तर रक्त शुद्ध करते ना?

त्यातून पित्त निघते म्हणून ते पचनसंस्थेत. पण त्याचे खरे महत्त्व जागेत आहे. जठरातून आणि आतड्यांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेने यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या वाटेने येते. म्हणजे जेवणातून शोषलेले जवळजवळ सगळे पहिल्यांदा यकृताच्या हाताखालून जाते (बरेचसे स्निग्ध पदार्थ तेवढे लसिकावाहिन्यांच्या वाटेने निसटतात). जास्तीची साखर तिथे साठवली जाते, अमोनियासारख्या विषारी द्रव्याचा युरिया होतो, आणि तो युरिया पुढे किडनी बाहेर टाकते.

छातीत कळ आल्यावर काही गोळ्या जिभेखाली ठेवायला सांगतात, त्याचे कारण इथेच आहे. गिळलेली गोळी आधी यकृतात जाते आणि औषधाचा मोठा भाग तिथेच निकामी होतो. जिभेखालच्या शिरा यकृताला वळसा घालून हृदयाकडे जातात, त्यामुळे औषध काही मिनिटांत पोहोचते. घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल तर ही गोळी पाण्याबरोबर गिळायची नसते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

अवयव एकमेकांना निरोप कसे देतात?

दोन वाटांनी. एक चेतातंतूंची, झटपट आणि नेमक्या ठिकाणी जाणारी. दुसरी रक्ताची, जरा सावकाश पण सगळीकडे पोहोचणारी.

दुसरी वाट सापडली तो प्रयोग मला फार आवडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शरीरातले सगळे निरोप चेतातंतूंमधूनच जातात असे मानले जाई. जठरातले आम्ल लहान आतड्यात आले की स्वादुपिंड रस सोडते, हे माहीत होते आणि त्यालाही चेतातंतूच कारण मानत. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेढ्याला जाणारे सगळे चेतातंतू कापले. फक्त रक्तवाहिन्या राखल्या. मग त्या वेढ्यात आम्ल सोडले. स्वादुपिंडातून रस आलाच. स्टार्लिंगने आतड्याचे अस्तर खरवडले, आम्लात घोटले, गाळले आणि तो अर्क शिरेतून टोचला. पुन्हा रस आला. आतडे रक्तात काहीतरी सोडत होते आणि स्वादुपिंडाला ते बरोबर ओळखता येत होते. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला.

वर किडनीतून मज्जेकडे जाणारा निरोप सांगितला, तो याच वाटेचा.

प्रत्यारोपण करताना हृदयाच्या नसा जोडत नाहीत म्हणे. मग ते चालते कसे?

रक्तवाहिन्या जोडतात, चेतातंतू कापलेलेच राहतात. तरीही हृदय धडधडते, कारण ठोक्याची सुरुवात हृदयातच होते. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो स्वतःहून विद्युत स्पंद निर्माण करतो, त्यासाठी मेंदूची परवानगी लागत नाही. त्याची स्वतःची गती मिनिटाला सुमारे १००. आपली नाडी विश्रांतीत ७० च्या आसपास असते, कारण मेंदूतून येणारी व्हेगस ही चेता त्याला सतत आवरून धरते. प्रत्यारोपित हृदयाला हा लगाम नसतो, म्हणून अशा माणसाची नाडी बसल्या जागीही ९० ते ११० असते.

असा माणूस जिना चढू लागला की त्याचे ठोके लगेच वाढत नाहीत. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, ते रक्तातून हृदयापर्यंत येते, तेव्हा गती चढते. थांबल्यावरही ती हळूहळू उतरते. म्हणून अशा रुग्णांना व्यायामाआधी अंग मोकळे करायला आणि नंतर शांत व्हायला जरा जास्त वेळ द्यायला सांगतात. एक वाट तुटली तरी दुसऱ्या वाटेवर निभावते.

जगातले पहिले हृदयप्रत्यारोपण डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला झाले. अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. यशस्वी प्रत्यारोपणासाठी ऑगस्ट १९९४ पर्यंत थांबावे लागले. ते दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या पथकाने केले. त्याच वर्षी मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याला मान्यता देणारा कायदाही झाला. डॉ. सेन यांच्या प्रयत्नाची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही याचे मला वाईट वाटते.

श्वास रोखल्यावर जीव घाबरतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे का?

मुख्यतः नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो, मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र ते ओळखते आणि श्वास घ्यायला भाग पाडते. ऑक्सिजन बराच खाली गेल्यावरच त्याची वेगळी सूचना मिळते.

विहिरीत आणि नदीत पोहणाऱ्या मुलांना हे सांगायलाच हवे. पाण्याखाली जास्त वेळ राहायची पैज लावून मुले बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी श्वास घ्यावासा वाटत नाही आणि मुलगा कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध होतो. चांगला पोहणारा मुलगाही असा बुडू शकतो. ही पैज लावू देऊ नका.

लहान आतडे पसरले तर टेनिस कोर्टाएवढे होते ना?

वर्षानुवर्षे पुस्तकांत असे छापले जात होते. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजले, तेव्हा सगळ्या अन्नमार्गाच्या आतल्या पृष्ठभागाचा आकडा सुमारे ३२ चौरस मीटर आला. अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाहूनही थोडा कमी.

हृदय डाव्या बाजूला असते का?

छातीच्या मधोमध, टोक डावीकडे झुकलेले. ठोका डावीकडे जाणवतो तो त्या टोकामुळे.

प्लीहा किंवा अपेंडिक्स काढले तरी माणूस जगतो. मग ते निरुपयोगीच ना?

जगतो हे खरे, पण त्यावरून ते निरुपयोगी ठरत नाहीत. प्लीहेत म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडीत काढल्या जातात आणि रक्तातले काही जिवाणू गाळले जातात. अपघातात फाटल्यामुळे ती काढावी लागली, तर न्यूमोकॉकस, मेनिन्गोकॉकस अशा जिवाणूंविरुद्ध लस घ्यावी लागते आणि साध्या तापातही लगेच डॉक्टरकडे जावे लागते. अपेंडिक्सच्या भिंतीत प्रतिकारसंस्थेच्या पेशी भरपूर असतात. त्याची उणीव मात्र सहसा भासत नाही, त्यामुळे सूज आल्यावर ते काढायला घाबरू नये.

दहावी-बारावीच्या मुलांना हे सगळे एकत्र कसे समजवावे?

धडे पाठ झाल्यावर एक साधी कृती घ्या आणि तिचा शेवटपर्यंत पाठलाग करा. तीन मजले जिना चढणे चांगले. पहिल्या काही पायऱ्यांतच ठोके वाढतात, रक्तात काही बदल होण्याच्याही आधी, कारण पायांना हुकूम देताना मेंदू हृदयालाही इशारा देतो. पायाच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतड्यांच्या आकसतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते आणि शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. तासन् तास एका जागी उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांवर निळ्या शिरा फुगतात, त्याला ही पोटऱ्यांची हालचाल थांबणेही कारण असते. घाम येतो, तिथे त्वचा आली. मुलांना विचारा, यात कोणती संस्था नव्हती? प्रजननसंस्था सोडली तर फारसे काही उरत नाही.

दुसरा प्रयोग बसल्या जागी होतो. मनगटावर नाडी धरा आणि अगदी सावकाश खोल श्वास घ्या व सोडा. श्वास आत घेताना ठोके जवळ जवळ येतात, सोडताना लांबतात. लहान मुलांत आणि तरुणांत हे स्पष्ट कळते, वय वाढले की कमी होते. व्हेगसची पकड श्वासाबरोबर सैल आणि घट्ट होते, म्हणून हे घडते. ते निरोगीपणाचेच लक्षण आहे, घाबरू नये.

मधुमेह झाल्यावर डोळे, पाय आणि लघवी का तपासायला सांगतात? शुगर तर रक्तात असते.

रक्त सगळीकडे जाते म्हणूनच. वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्यांना इजा करते, आणि सर्वांत नाजूक वाहिन्या डोळ्याच्या पडद्यात, किडनीच्या गाळणीत आणि चेतातंतूंच्या भोवती असतात. डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या न कापता थेट दिसतात, म्हणून बाहुली मोठी करून तो पाहतात. किडनीची गाळणी सैल पडली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचे एक टाकाऊ द्रव्य, रक्तात वाढायच्या कितीतरी आधी हे प्रथिन लघवीत सापडते. पायांच्या चेता सर्वांत लांब असल्याने त्या आधी बधिर होतात आणि खडा टोचलेला कळत नाही, म्हणून तळपायाला बारीक तंतू टेकवून संवेदना तपासतात.

प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात या तिन्ही तपासण्या निदान झाल्याबरोबर करतात आणि त्यानंतर साधारण वर्षातून एकदा. शुगर आटोक्यात दिसली तरी त्या टाळू नका. डॉक्टरांनी सांगायचे राहून गेले असेल, तर पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा.